डाव्या बुटाची आतली कड

४ फेब्रुवारी

ठरलं. प्रदर्शनाचे तीन जोड पुरे करायचे आणि बंद करायचं.

जे बंद करायचं त्याला नावं तीन. मी ‘दुकान’ म्हणते. कलादालनाच्या बाई ‘स्टुडिओ’ म्हणतात. धाकटी बहीण ‘तुझं ते बुटांचं’ म्हणते. खोली एकच. उत्तरेला खिडकी, एक लांब टेबल, भिंतीला फळ्या, फळ्यांवर लोकांचे बूट. सोळा वर्षं. कुणाला बुटावर ज्वाळा हव्या, कुणाला वाघ, कुणाला प्रेयसीचं नाव. आणि सहा महिन्यांनी तोच जोड परत — नाव पुसून द्या! काढण्यापेक्षा पुसण्यात माझा हात जास्त बसला आहे. एकही रेघ मागे राहत नाही.

धाकटीच्या गावी शाळेत चित्रकलेची जागा निघाली आहे. चार मार्चपर्यंत कळवायचं.

५ फेब्रुवारी

प्रदर्शनाचे जोड कोरे करकरीत असावे लागतात. ‘पाय गेलेला बूट नको हं,’ बाईंनी बजावलं आहे. त्या नव्या बुटांवर मी भेगा रंगवते आहे. खऱ्या भेगा पडलेले बूट लोक माझ्याकडे भेगा लपवायला आणतात. बाई म्हणाल्या, यात फार अर्थ आहे. असेल. मला दिसत नाही.

सकाळी दोन तास बुटाकडे बघत बसले. मग उठून कप धुतले.

७ फेब्रुवारी

घड्याळजी आले. कोपऱ्यावर जिन्याखाली त्यांचं दुकान. एक माणूस, एक दिवा, एक स्टूल — चौथ्याला जागा नाही. सोळा वर्षं तिथून जाते. कधी बोलणं नाही. दिसतो तो फक्त वाकलेला टक्कल पडलेला माथा.

‘पेंटरबाई तुम्हीच ना?’

पिशवीतून जोड काढून टेबलावर ठेवला. बायकांचे पांढरे चालायचे बूट, लहान माप, वापरलेले. नाड्या बांधलेल्याच. म्हणजे शेवटचे काढले तेव्हा कुणीतरी तसेच ओढून काढले.

‘आमच्या हिचे. नोव्हेंबरात गेली.’

मी म्हटलं, आजोबा, मी नवीन काम घेत नाही. बंद करते आहे.

‘आजोबा नको. नातवंडं नाहीत. काका म्हणा.’ आणि बंद करण्याचं जणू ऐकलंच नाही. ‘तिला वांगी हवी होती.’

‘काय?’

‘वांग्यासारखे बूट. तोच रंग, तशीच चकाकी. टाचेला हिरवा देठ. म्हणायची, दोन वांगी पायात घालून फिरेन, हसणारे हसोत बापडे. मी म्हटलं, या वयात? शोभेल का? मग मुकाट्याने पांढरे घेऊन आली.’ नाडीचं टोक सरळ केलं. ‘आता काय शोभायचं राहिलंय!’

बूट हातात घेतला. चवड्याजवळ तीन घड्या. उजव्याची टाच बाहेरून झिजलेली. ओढत चालणारा पाय. वांग्याची चकाकी खरंच अवघड असते. जांभळा काळ्यात जातो आणि मधेच एक पांढरा डाग — तो चुकला तर वांगं मेलं. कलाशाळेत पहिल्या वर्षी काढलं होतं, त्यानंतर आजच आठवलं.

घेतलं.

जाताना म्हणाले, ‘फक्त वरचं रंगवा. बाकी आहे तसं राहू द्या.’

‘राहील,’ म्हटलं. सगळे हेच सांगतात. म्हणजे घड्या भरू नका, नाड्या बदलू नका.

८ फेब्रुवारी

वांग्यांचा जोड साफ केला. आधी कारखान्याची चकाकी काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही — चार दिवसांत साल सुटावी तसा सुटतो. कापसाचा बोळा, ॲसिटोन, बोळा काळा झाला की दुसरा. मग तळाची जाड पांढरी कड.

धाकटीचा फोन मधेच. खांदा वर करून कानाशी धरला आणि पुसत राहिले.

‘ताई, निर्णय झाला का?’

‘होतोय.’

‘सोन्यासारखा हात आणि तो जोड्यांना लावतेस. बाबा असते तर —’

‘बाबा असते तर त्यांनी मला जोड्याने मारलं असतं. ठाऊक आहे.’

‘विनोद करू नकोस गं. शाळेत पगार आहे, सुट्ट्या आहेत, माणसं आहेत. तिथे काय आहे? तू नि तो वास.’

मी चिडले. पुष्कळ बोलले. ती रडली. मी पुसत होते, जोरजोरात. डाव्या बुटाच्या आतल्या कडेला पेनाचे डाग होते, निळे, बारीक. तेही गेले. कड दुधासारखी झाली. भांडणातून तेवढंच एक चांगलं निघालं.

१० फेब्रुवारी

पहिला हात. निळा आणि लाल, पाण्यासारखे पातळ. गरम हवेने वाळवला. काहीच दिसत नाही, मळका गुलाबी. असंच असतं. सहाव्या हातापर्यंत धीर धरायचा.

११ फेब्रुवारी

चौथा हात. आज जेवायचं विसरले. किती वर्षांनी!

१३ फेब्रुवारी

आठवा हात झाला आणि डाव्या बुटाला अचानक गर आला. हात लावला तर गार लागेल असा. खिडकीचा उजेड जिथे पडतो तिथेच पांढरा डाग दिला, एका दमात. टाचेचा देठ अजून बाकी.

लिहायला लाज वाटते पण लिहिते — मला बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

देठाचा हिरवा दाखवायला कातड्याचा तुकडा घेऊन घड्याळजींकडे गेले. ते ओळीने सगळं सांगत होते आणि मी हातात हिरवा तुकडा धरून उभी. जसं आठवतंय तसं उतरवते.

त्यांच्या पत्नींना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. समोरच्या बागेला रोज एक फेरी. दम लागायचा. फेरी झाली की बाकावर बसून पेन काढायच्या आणि बुटाच्या कडेला एक ठिपका द्यायच्या. डाव्या बुटाच्या, आतल्या बाजूने, लोकांना दिसू नये म्हणून. एक फेरी, एक ठिपका.

‘मी दुकानातून घरी गेलो की विचारायचो, झाली का फेरी? ती पाय वर करून दाखवायची — झाली. मी जेवताना पेपर वाचतो. मान वर न करता ‘बरं’ म्हणायचो.’

मग आवाज खाली आला. ‘माझी मेहुणी. हिची थोरली बहीण. तेराव्या दिवशी चारचौघांत म्हणाली, हिने हातपाय गाळले. मनात आणलं असतं तर उभी राहिली असती. हातपाय गाळले! पेंटरबाई, ते ठिपके आहेत ना. मी मोजले नाहीत अजून. छाती होत नाही. पण बूट रंगून आले की भिंग लावून मोजीन, आणि मेहुणीपुढे आकडा ठेवीन. तुम्ही पाहिले असतील.’

‘हो,’ मी म्हटलं.

हो म्हटलं!

‘काय वाटतं? पन्नास असतील?’

‘मोजले नाहीत,’ म्हटलं. तेवढंच एक खरं बोलले.

१६ फेब्रुवारी

कड दुधासारखी आहे. खिडकीत धरली, दिव्याखाली धरली. काही नाही. माझा हात चांगला आहे. एकही रेघ मागे राहत नाही.

कचऱ्याची पिशवी शनिवारीच गेली. त्यात तिच्या फेऱ्या. चार काळ्या बोळ्यांत.

१७ फेब्रुवारी

प्रत्येक जोडाचा आधी फोटो काढते. तोही काढला होता — बाहेरच्या बाजूने, टाचेकडून आणि वरून. वरून काढलेल्यात डाव्या बुटाची आतली कड जराशी दिसते, चवड्यापाशी. फोटो मोठा करत गेले. सात ठिपके. सात आहेत की सहा आणि एक मळ, सांगता येत नाही. पुढे बुटाचाच फुगवटा आड येतो.

सात.

१८ फेब्रुवारी

सांगायचं. सोपं आहे. काका, पुसले गेले. तीन शब्द.

दुपारी कोपऱ्यापर्यंत गेले. ते कुणाच्या तरी घड्याळात वाकले होते. डोळ्यात भिंग. दिव्याखाली टक्कल चमकत होतं. परत आले. येताना ब्रेड आणला, म्हणजे बाहेर पडले ती ब्रेडसाठी असं मला तरी म्हणता येईल.

१९ फेब्रुवारी

काढले.

सातांमधलं अंतर मोजलं आणि चवड्यापासून टाचेपर्यंत पट्टी लावली. त्रेचाळीस बसले. त्रेचाळीस का, बेचाळीस का नाहीत, याला उत्तर नाही. कुणालाच खरा आकडा ठाऊक नाही. त्यांनाही नाही. मी शंभर काढले असते तर शंभर झाले असते. ते सगळ्यांत भयंकर वाटलं — कुणी अडवणार नव्हतं.

आधी कडेला पांढऱ्याचा पातळ हात दिला, शाई नीट बसावी म्हणून. मग सर्वांत बारीक कुंचला आणि निळी शाई. म्हातारं माणूस, बाकावर बसलेलं, खाली वाकलेलं, दम लागलेला. तसा हात करून बघितला. श्वास रोखून नाही, सोडून. कागदावर दोनशे ठिपके केले तेव्हा जमलं. काही फिके, काही जवळजवळ. एका ठिकाणी मुद्दाम एक सोडला — त्या दिवशी पाऊस असेल.

फार सुंदर झाले. हे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी केलेलं हे सर्वांत चांगलं काम.

२१ फेब्रुवारी

कलादालनाच्या बाई भेगांचे जोड बघायला आल्या. बघितले, मान डोलावली, घड्याळ बघितलं. मग नजर फळीवर गेली.

‘हे काय!’

‘ते प्रदर्शनाचे नाहीत. गिऱ्हाइकाचे आहेत. घातलेले आहेत.’

‘वांगी! अहो, वांगी!’ उचलले, फिरवले. चवड्यावरच्या घड्यांमधून बोट फिरवलं. आणि आतली कड दिसली. ‘आणि हे ठिपके?’

मला सांगायचं नव्हतं. सांगितलं. बागेची फेरी, बाक, पेन. ऐकता ऐकता त्या खाली बसल्या. डोळे पुसले. ‘तुमच्या भेगा राहू द्या,’ म्हणाल्या, ‘हे मधोमध ठेवू. एकटे. शेजारी कार्ड. या ठिपक्यांपुढे आपण सगळे कलाकार पाणी भरतो.’

मीही मान डोलावली.

२३ फेब्रुवारी

वाटलं होतं घड्याळजी नाही म्हणतील आणि सुटेन. बायकोचे बूट, लोकांनी का बघायचे?

‘लोक बघतील? पैसे न देता? कुणीही आत येऊ शकतं?’

‘कुणीही.’

‘मग मेहुणीला बोलावतो.’ हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं, खालचे दोन दात नाहीत. ‘तिला मधोमध उभी करतो नि म्हणतो, मोज!’

मग म्हणाले, आधी मी एकटा येऊन मोजीन. सोमवारी.

२४ फेब्रुवारी

बाईंनी कार्डाचा मजकूर पाठवला. ‘एका स्त्रीने आपल्या शेवटच्या महिन्यांत काढलेले त्रेचाळीस ठिपके.’ मंजुरी हवी आहे.

उत्तर दिलं नाही. दिवसभर पडून होते. छताला डाव्या कोपऱ्यात ओल आहे, आजच कळलं.

२५ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. घेतला नाही.

२६ फेब्रुवारी

अकराला आले. इस्त्रीचा शर्ट. खुर्चीत बसले, बूट मांडीवर घेतले. रंगावरून अंगठा फिरवला. ‘वांगी,’ म्हणाले. ‘खरंच की गं, वांगी.’ हे मला नव्हतं.

मग खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि डावा बूट उलटा केला.

मी खिडकीशी उभी राहिले. एक, दोन, तीन — ओठ हलताना दिसत होते. त्रेचाळीसला थांबले. मला वाटलं झालं. पण भिंग निघालं नाही. परत पहिल्यापासून. या वेळी ओठ हलत नव्हते.

‘पेंटरबाई.’

‘हं.’

‘हिला पेन दाबायची सवय. पोस्टकार्ड लिहिलं तर मागून वाचता यायचं. मी चिडवायचो, बैल जुंपलेत का पेनाला?’ भिंग काढलं. ‘यात दाब नाही. शाई वर बसली आहे. पेनच नाही हे.’

मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं. बोळा, ॲसिटोन, फोन. सात ठिपक्यांचा फोटो. कुंचला.

ओरडतील म्हणून वाट बघितली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. ते बराच वेळ बूट मांडीवर घेऊन बसले, जसं कुणाचं तरी मांजर बसावं मांडीवर नि उठवता येऊ नये.

‘डाग वाटले तुम्हाला,’ म्हणाले.

‘हो.’

‘बरोबर. डागच ते.’

बूट टेबलावर ठेवले आणि निघाले. मी म्हटलं, काका, बूट.

‘ठेवा. प्रदर्शन आहे ना. लोकांना दाखवा.’

जिन्यावर त्यांचा पाय दोनदा थांबला.

२७ फेब्रुवारी

बाईंना कळवलं — जोड मिळणार नाही. ‘अहो, पण कार्ड छापून झालं!’ कार्ड छापून झालं.

२८ फेब्रुवारी

भेगांचे तिन्ही जोड पुसून टाकले. तीन तास लागले. आता ते कोरे आहेत, आणले तेव्हाइतकेच. कलाशाळेत आमचे एक सर म्हणायचे, खोडरबर हेही चित्रच काढतं. माझं काढतं ते असं.

शाळेचं पत्र आलंय. गणवेशावर रंग सांडणार नाही याची जबाबदारी शिक्षिकेची. हे मला जमेल. मी डाग ठेवत नाही.

१ मार्च

सामान बांधायला घेतलं. कुंचले गुंडाळले, बाटल्या खोक्यात. मागच्या फळीवर कलाशाळेतला छापाचित्राचा जस्ताचा पत्रा सापडला, ॲसिडने कोरलेला. मीच कोरलेला, एकवीस वर्षांची असताना. त्यावर कधीकाळी शाई पसरून पुसली असेल. पत्रा स्वच्छ दिसत होता. तिरका केला तर प्रत्येक रेघेत काळं बसलेलं! वीस वर्षांचं. पुसलं की वरची शाई निघते. खळग्यातली राहते. छापणारी सगळी पोरं पहिल्याच आठवड्यात हे शिकतात.

हिला पेन दाबायची सवय.

खाली बसले.

ती कड मऊ फोमची आहे. दाबलं तर खळगा पडतो आणि उठत नाही. मी शाई पुसली. खळगा बोळ्याने पुसला जात नाही. मग त्यावर पांढरा हात दिला, स्वतःच्या ठिपक्यांना बैठक म्हणून. तिचे खळगे माझ्याच रंगाखाली आहेत. आणि त्यांच्यावर भलत्याच ठिकाणी माझे त्रेचाळीस.

आज हात लावायचा नाही.

२ मार्च

सकाळी, ऊन तिरकं यायच्या वेळी.

कानाच्या काडीने, एकेका बोटाएवढ्या जागेत, माझे ठिपके पुसून काढले. मग पांढरा. घासायचं नाही, टेकवायचं नि उचलायचं. चार तासांत दीड वीत. पांढरं गेलं, काही दिसेना. रडू आलं. मग निळी शाई पाण्यात पातळ केली, कडेवर पसरली, आणि तळहाताने पुसली. कापसाने नाही. कलाशाळेत शेवटचं पुसणं तळहाताने करायचे.

आले.

एकेक करून नाही. सगळे एकदम, ओळीने, चवड्यापासून टाचेपर्यंत आणि टाचेपाशी वळून दुसरी ओळ. माझ्या पट्टीत दुसऱ्या ओळीचा विचारच नव्हता! वाकडेतिकडे, कुठे एकमेकांवर. माझ्या त्रेचाळिसांपैकी एकही त्यांच्या जागेवर नव्हता.

मोजले नाहीत. मोजण्याचा अधिकार माझा नाही. बूट पाठ फिरवून ठेवला.

३ मार्च

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी. घड्याळजींनी शटर वर केलं, मला बघितलं, आत गेले. मी बूट त्यांच्या टेबलावर ठेवला, एका उघड्या घड्याळाच्या शेजारी.

‘काका, भिंग लावा.’

‘पुन्हा?’

‘हे तिचे.’

लावलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या दुकानात पंधरा घड्याळं आणि प्रत्येकात वेगळी वेळ. या खेपेला मोठ्याने मोजत होते, पहिलीतल्या मुलासारखे. एक गिऱ्हाईक पट्टा बदलायला आलं, त्याला हातानेच थांबवलं. तोही बिचारा थांबून ऐकू लागला.

‘एकसष्ट.’

भिंग काढलं तर त्याच्या आतून पाणी निथळलं.

‘एकसष्ट! हातपाय गाळले म्हणे. एकसष्ट फेऱ्या!’ तिथल्या तिथे मेहुणीला फोन. ‘ताईबिई काही नाही, तू आधी ऐक, आकडा लिहून घे.’ पट्टावाल्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, कसल्या फेऱ्या? मी म्हटलं, बागेच्या. तो म्हणाला, वा.

निघताना मला म्हणाले, ‘पेंटरबाई, बूट संध्याकाळपर्यंत राहू द्या माझ्याकडे. पुन्हा एकदा बघतो.’

‘तुमचेच आहेत.’

४ मार्च

धाकटीला कळवलं — येत नाही.

‘बुटांपायी?’

‘बुटांपायी.’

‘तू वेडी आहेस,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘माझे ते राखाडी आहेत ना, त्यांच्यावर काहीतरी काढून देशील?’

काय काढू विचारलं. म्हणाली तुला वाटेल ते. सोळा वर्षांत पहिल्यांदा मागितलं तिने.

खोकी उघडली. बाटल्या परत फळीवर.

६ मार्च

घड्याळजी आले. बसले नाहीत. बूट टेबलावर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

‘पहिली ओळ बघा.’

बघितली. एक खोल, एक उथळ. एक तिरका, पेन घसरलेलं. प्रत्येक वेगळ्या दिवसाचा.

‘आता दुसरी. अडतीसच्या पुढे.’

तेवीस ठिपके. एकाच खोलीचे. एकाच बाजूला कललेले. सारख्या अंतरावर. पाय मांडीवर घेऊन, घरात बसून, एका बैठकीत दिलेले.

मी भिंग काढलं नाही.

‘मी रोज विचारायचो ना,’ म्हणाले.

बूट पिशवीत घातला. दारातून वळले.

‘पेंटरबाई, कुणी विचारलं तर एकसष्ट.’